सतरावी सही

पिठाची गिरणी बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी तिला सगळे गिरणीवालीच म्हणत. तिच्या नवऱ्याचा विषय निघाला, की मात्र लोक गालातल्या गालात हसत. गिरणीच्या आवाजाविरुद्धच्या ज्या अर्जाने ती बंद पडली, त्यावर सतरावी सही खुद्द त्याचीच होती. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणारा म्हणून त्याची थट्टा झाली आणि ती ऐकत ऐकतच दोन वर्षांत तो गेला.

खरा प्रकार तिला ठाऊक होता. गावातले सगळे अर्ज निवृत्त मास्तर करत. आधी कोऱ्या कागदावर सह्या घ्यायच्या, पहिली स्वतःची ठोकायची आणि वर सोडलेल्या जागेत मजकूर मागाहून लिहायचा, ही त्यांची पद्धत. नवऱ्याने सही केली ती नळाच्या पाण्यासाठी समजून. तिने जाब विचारला, तेव्हा मास्तर चारचौघांत म्हणाले होते, "वाचून, समजून केलीय त्याने." ते वाक्य ती विसरली नव्हती. हे वाक्य त्यांच्याच तोंडून खोटं ठरवायचं, एवढंच तिला हवं होतं.

मग तिच्या घरामागच्या टेकडीवर पवनचक्की यायचं ठरलं. टेकडीपलीकडे मास्तरांचा नवा बंगला. एका सकाळी मास्तर दारात हजर.

"वहिनी, त्या पात्यांच्या घरघरीने झोपेचं खोबरं होईल. तुमचं घर सगळ्यांत जवळ, तुमची सही हवीच."

कागद कोरा. खाली पहिली सही मास्तरांची, चांगली ऐटदार.

"ठेवून जा ना," ती गोड आवाजात म्हणाली. "गल्लीतल्या सगळ्यांच्या घेऊन देते."

तिने कुणाचीच घेतली नाही. बंद गिरणीचं कुलूप काढलं, पीठ साचलेल्या टेबलावर बसली आणि वरच्या जागेत लिहिलं, 'पवनचक्की जरूर व्हावी. तिच्या आवाजाचा आम्हाला काडीचाही त्रास नाही.' खाली दुसरी सही स्वतःची. कागद कचेरीत देऊन पोच घेतली, तेव्हा कितीतरी वर्षांनी तिला कडकडून भूक लागली.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. निम्म्यांना पवनचक्की हवी होती, तिच्याबरोबर येणाऱ्या रस्त्यासाठी आणि कामासाठी, निम्म्यांना झोप हवी होती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी दोन्ही अर्ज समोर धरले: एक तिचा, दुसरा तिच्याकडचा कागद परत येईना म्हणून मास्तरांनी नवा कागद गावात फिरवून दिलेला.

"मास्तर, विरोधात पहिली सही तुमची, पाठिंब्यातही तुमचीच. खरं कुठलं?"

मास्तर लालबुंद झाले. "फसवणूक आहे ही! मी कोऱ्या कागदावर सही केली होती!"

"आणि विरोधाच्या या दोनशे सह्या?"

"त्याही कोऱ्यावरच. आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं. आधी सह्या, मग मजकूर!"

ती मागच्या रांगेत उभी राहिली. "गिरणीच्या वेळीही का, मास्तर?"

मास्तरांनी वळून पाहिलं. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. शेवटी ते पुटपुटले, "हो. तेव्हाही."

साहेबांनी दोन्ही अर्ज बाजूला सारले. "बाई, तुमचा पाठिंबा तरी खरा आहे ना?"

"माझं काम झालं, साहेब. चक्की लावा, नाहीतर राहू द्या."

दाराशी किराणा दुकानदार बसला होता. बारा वर्षं सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता. ती त्याच्यापाशी थांबली.

"सतरावी सही आठवते ना? हस आता."