आईचा नवा फोन

खिडकीशी बसून आई नव्या फोनवर बोट फिरवत होती. जुन्या फोनवर मागे जायचं बटण खाली असे, यात कडेवरून बोट सरकवावं लागतं. ते जमलं तशी ती स्वतःशीच हसली.

मला ते हसू टोचलं. कॅनडातल्या दादाने स्वतःसारखाच आयफोन तिला पाठवला आणि मी शिकवून शिकवून अंगवळणी पाडलेला अँड्रॉइड कपाटात गेला. पूर्वी ती सारखी हाक मारायची, "मने, हे बघ गं, अक्षरं बारीक झाली." मी वैतागत उठायचे. आता ती दादाला विचारते आणि तो तिकडून न कंटाळता सांगतो.

"आण, मी बघते," मी म्हटलं.

"राहू दे. तुझा वेगळा आहे ना, तुला नाही कळायचं यातलं."

आपण कुणाला तरी लागतो, हे त्या माणसाच्या बारीकसारीक अडचणींतूनच कळत असतं. त्या अडचणी दुसऱ्याच्या दारी गेल्या, की आपल्याला नुसती सवड उरते. ती सवड मला त्या संध्याकाळी खायला उठली.

माझा चेहरा पाहून आईने माझा हात धरला. "हिरमुसू नकोस. तूही असाच घे. दादा तुलाही शिकवेल."

मला फोनचा हेवा वाटतोय, असं तिला वाटलं. तेवढ्यात पडद्यावर दादा आला. आई लगबगीनं त्याला म्हणाली, "अरे, मनीलाही हवाय हा फोन."

मी हसून मान डोलावली.