सोजरबाईंच्या नावाची हळद

"माजंच नाव म्या लावायचं न्हाई काहून?" सोजरबाईंनी हळदीचं पाकीट माझ्या वकिलीच्या टेबलावर आपटलं. पाकिटावर त्यांचाच फोटो. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर. फोटोतल्या बाई हसत होत्या, समोरच्या अजिबात नाही.

सोबत सून सुनीता होती. कुरुंदा गावात ती घरची हळद दळून सासूच्या नावानं विकते. वसमतच्या दुकानदारांनी अचानक तिचा माल घेणं बंद केलं होतं. तिचाच माल पुढं विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं सगळ्यांना नोटीस धाडली होती, 'सोजरबाई हळद' हा ब्रँड माझा आहे.

"त्योच म्हनला व्हता मॅडम, 'ताई, नावाचं रजिस्ट्रेशन मी करून देतो'," सुनीता सांगू लागली. "दरसाली राखी बांधते मी त्याला."

भावानं शब्द पाळला होता. अर्ज केला होता, फक्त स्वतःच्या नावानं.

"पन आमच्याकडं लायसन हाय की!" सुनीता म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. हे मी रोज ऐकते. फूड लायसन म्हणजे खाण्याचा माल विकायची परवानगी. नाव कुणाचं, हे ट्रेडमार्क सांगतो. दोन्ही वेगळे कागद, वेगळी ऑफिसं.

नशीब एवढंच की त्याला ट्रेडमार्क अजून मिळाला नव्हता. असा अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापतात आणि त्यानंतर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. ती मुदत अजून चालू होती. पण हे नाव आपण त्याच्या आधीपासून वापरतोय, हे दाखवणं भाग होतं.

"सुरुवातीची बिलं?"

"गावात बिल कोन मागतंय मॅडम?"

"मग पहिली पाकिटं घेतली कुणी?"

"गावातल्या बायांनी. संक्रांतीला वाण लुटायला."

मी पेन खाली ठेवलं. "हळदी-कुंकवाचे फोटो असतील ना?"

"फोटोबिगर वाण लुटतंय व्हय कुनी आता?" सोजरबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी माझा व्हॉट्सअ‍ॅप हळदी-कुंकवानं भरून गेला. ओळीत उभ्या नटलेल्या बाया, प्रत्येकीच्या हातात सोजरबाईंचं पाकीट, कॅमेऱ्याकडं तोंड करून. फोनमध्ये तारखाही होत्या, व्यापाऱ्याशी ओळख व्हायच्या आधीच्या. शपथपत्रं द्यायला त्या बाया हळदीची काढणी सोडून वसमतला आल्या.

हरकत दाखल झाली. समोरच्या वकिलांचा फोन आला. "मॅडम, पाकिटावरचं चित्र काल्पनिक आहे, असं माझे क्लायंट म्हणतात."

"काल्पनिक बाई माझ्यासमोर चहा पिताहेत. देऊ का फोन?"

दिला. सोजरबाई त्यांना जे बोलल्या ते इथं छापता येणार नाही. पुढच्याच आठवड्यात व्यापाऱ्यानं अर्ज मागं घेतला, दुकानदार सुनीताचा माल पुन्हा घेऊ लागले. राखी खुशाल बांधावी, अर्जावर सही मात्र आपली असावी.

मग आमचा अर्ज भरायला बसलो. "धंदा सुनीताचा, तिच्या नावानं करते," मी म्हणाले.

"न्हाई मॅडम, मालकीन म्हनून आत्याबाईंचं नाव लिवा. मी चालवते."

सोजरबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "शेत नवऱ्याच्या नावावर व्हतं, घर पोराच्या. माज्या नावावर हे पयलंच."