परण्याच्या गाडीचा आवाज
नवा पाईप पहिल्यांदा तापताना त्यावरचं तेल जळून जो उग्र वास सुटतो, तो नाकात गेला की मला बोरीतलं माझ्या मित्राचं गॅरेज आठवतं. शाळेपासूनच्या या मित्राने माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनाला, धूर बाहेर सोडणारा, चार मोकळ्या पाईपांचा स्टीलचा हेडर बसवून दिला होता. गाडीत जीव आला, आणि आवाज तर असा की येलदरीच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की ती खोकल्यासारखी गुरगुरायची. पुढे त्याच्या भावाचं लग्न निघालं. त्याच गडबडीत 'ट्यूनिंग करून देतो, ऱ्हाऊ दे गाडी,' म्हणून त्याने ती ठेवून घेतली, आणि परत दिली ती मुकी करून. 'पाईप तापून तापून आवाज बसतोय, लय मनावर घेऊ नको,' तो म्हणाला आणि मी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. लग्नाच्या दिवशी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडे निघाला. नवरदेवाची झेंडूने मढवलेली गाडी माझ्याच मॉडेलची होती. ती वळणाआड होती, तेव्हाच मला तो माझ्या गाडीचा खोकला ऐकू आला. गाडीपुढे नाचणाऱ्या मित्राने माझं तोंड पाहिलं आणि त्याचे हात हवेतच थांबले. वाटलं, आता येईल, काहीतरी बोलेल. तो बँडवाल्यांकडे वळून ओरडला, 'झोपले का रे? जोरात वाजवा की!' आज माझी गाडी गुपचूप चालते. त्याने भावासाठी तो हेडर एकदा मागितला असता, तर पाना घेऊन मीच गाडीखाली शिरलो असतो.