न उठलेली गाठ

इस्पितळात, पोटात दुर्बीण घालून तपासायच्या खोलीत तिला सगळे निळी सिस्टर म्हणत. औषधात मिसळायचा निळा रंग तिच्या नखांतून कधी गेलाच नाही. आतड्याच्या अस्तरावर कर्करोगाची कोवळी गाठ सापडली की तिच्याखाली टोचायचं पाणी तयार करायचं, यात तिचा जन्म गेला. पाणी टोचलं की अस्तर फोडासारखं फुगतं, गाठ वर उठते आणि डॉक्टर ती अलगद कापून काढतात. खालच्या भिंतीला धक्का लागत नाही. साधं मिठाचं पाणी सोपं, पण बघता बघता बसतं. साखरेचं जरा टिकतं, पण कडक झालं तर आतून भाजतं. दाट द्रावण मात्र हटून बसतं, फक्त सुईतून ढकलताना अंगठ्याचा जीव जातो. कुठल्या गाठीला कुठलं, यावरून ती मोठ्या सरांशी खुशाल हुज्जत घाली, आणि सर ऐकूनही घेत. तिला त्याचा ताठा होता, आणि का नसावा?

मग तिच्या दादालाच शौचावाटे रक्त पडू लागलं. दादा शिंपी, आईवडिलांच्या मागे मशीन चालवून त्यानेच तिला शिकवलेलं. तपासणी एका नव्या डॉक्टरने केली. गाठ लहान, चपटी, पण आतड्याच्या अगदी शेवटी, गुदद्वाराला लागून. त्याने एक तुकडा घेतला आणि दुर्बीण मागे ओढू लागला. हिचं मन मानेना. सख्खा भाऊ, काही राहून जायला नको. अजून घ्या, जरा खोलवरून घ्या, असा तिने धोशाच लावला. एवढ्या जुन्या सिस्टरला नाही म्हणायची त्या बिचाऱ्याची काय बिशाद? दुसरा कोणी पेशंट असता तर तिनेच डॉक्टरचा हात धरून थांबवलं असतं. फार तुकडे ओरबाडले की आत व्रण धरतो आणि तिथलं अस्तर भिंतीला चिकटतं, मग पाणी शिरत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. भावापायी तिने अक्कल गहाण टाकली.

गाठ काढायच्या दिवशी तिला बाहेर बसायला सांगितलं, पण ऐकेल ती कसली. तिने दाट द्रावण भरलं. सरांनी सुई टोचली. कडा छान वर आल्या, मधला भाग जागचा हलला नाही. पुन्हा टोचलं, बाजूने टोचलं, मग चक्क साधं पाणीही टोचून पाहिलं. मध्ये खळगा तो खळगाच.

“रोग खोल गेलाय की नुसता व्रण आहे, सांगता येत नाही,” सर म्हणाले. “कापायला गेलो तर भोक पडेल.” आणि मग, वर न बघता, “एवढे तुकडे कशाला घेतले?”

नवा डॉक्टर खाली मान घालून उभा राहिला. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं नाही. तीही बोलली नाही, आणि त्या गप्प बसण्याने तिला स्वतःचीच शिसारी आली.

मोठं ऑपरेशन झालं. आतड्याचा शेवटचा भाग गेला आणि पोटावर शौचाची कायमची पिशवी आली. जन्मभर लोकांना पिशव्या शिवून दिल्या, ही तेवढी आयती मिळाली, असं दादा म्हणाला आणि भिंतीकडे वळला. जेवणसुद्धा तो चोरून जेवल्यासारखं जेवू लागला, वास येईल म्हणून. गिऱ्हाईकं अंगाचं माप द्यायला जवळ उभी राहायची, म्हणून त्याने दुकान उघडलंच नाही.

काढलेल्या भागाची तपासणी झाली. सर स्वतः घरी, दादाच्या खाटेपाशी येऊन सांगून गेले. रोग वरच्या अस्तरातच होता, खाली नुसता व्रण होता. आता काळजी नाही. वहिनीने हात जोडले. घरचे सगळे हसू-रडू लागले. सिस्टरला तिथे उभं राहवेना, पण पिशवी बदलायची वेळ झाली होती आणि ते दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं.

दादाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

“तू मागे लागून नीट तपासायला लावलंस म्हणून गं,” तो म्हणाला, “नाहीतर मी कुठला वाचतोय.”

तिने हुं केलं आणि पिशवी बदलत राहिली.