तव्याची वाटणी

जमीन वाटली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. निम्मी दादाची, निम्मी माझी, विहिरीचं पाणी दिवसाआड. मामांची तंबाखू मळून होईपर्यंत एवढं उरकलंसुद्धा. मग मी म्हणालो, "मला आईचा भाकरीचा तवा पाहिजे," आणि आई सोडून ओसरीवरची सगळी माणसं हसायला लागली.

दादा धाराशिवला नोकरीला. तिथं त्यानं घर बांधलं, म्हणून वाटणी निघाली. भांड्याकुंड्यातलं त्याला दुसरं काहीच नको होतं, नेमका तवाच हवा होता. "आईच्या हातची भाकर ह्याच तव्यावर होते," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला देतो. तुला काय करायचाय तवा? बायको आणली असतीस तर गोष्ट येगळी."

मामा म्हणाले, "तवा बाईमाणसाचा आसतो रं. कुण्या गड्याच्या वाटणीत तवा आलेला ऐकलायस का?"

आता खरं काय ते सांगतो. आठ वर्षांमागं आई गोठ्यात घसरून पडली. मनगट मोडलं, जुळलं ते वाकडंच. तेव्हापासून त्या घरात भाकरी मी थापतो. पहिले दोन महिने भाकरीला कड म्हणून नव्हती. आई काठवटीशेजारी बसून ओरडायची, "मळ की जोर लावून! गोंजारतोस काय पिठाला?" शिकलो. आता माझी भाकरी टम्म फुगते आणि पापुद्रा असा सुटतो की बघत राहावं. स्वतःचं कौतुक करतोय, करू द्या. दुसरं कोण करणार?

कारण दादा सुट्टीला आला की आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. मी आत थापायचो, मागच्या दारानं निघून जायचो, आणि आई वाकडं मनगट पदराखाली घेऊन, बोटांना पीठ फासून चुलीपुढं बसायची. दादा पहिला घास घेऊन म्हणायचा, "आईच्या हातची चव कुटं मिळायची न्हाय." वहिनी एकदा माझ्याकडं बघायची आणि खाली मान घालून जेवायची. तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मी आईला विचारायचो, का लपवतेस? म्हणायची, "लोक बायल्या म्हणतील रं तुला." अगं, म्हणतातच की! तुझ्या दार लावण्यानं कुणाचं तोंड बंद झालं?

आणि हाच दादा गावात लग्न असलं की डोक्याला टॉवेल गुंडाळून मटणाची डेग ढवळायला सगळ्यांच्या पुढं. दोनशे माणसांचा रस्सा करतो. तिथं कुणी त्याला बायल्या म्हणत नाही. भांडं माणसाएवढं असलं, अंगणात असलं, की रांधणारा मर्द. तेच भांडं लहान झालं आणि चुलीवर आलं की त्याचं मर्दपण गेलं. मला हे गणित जन्मात कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

भांड्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे, हे कबूल. वहिनीनं एकदा नॉनस्टिकचा तवा आणला. त्याला उलथणं लागू द्यायचं नाही, त्याला घासायचं नाही, त्याच्यापुढं मोठ्यानं बोलायचं तरी का, असं मी विचारलं. लोखंडाच्या तव्यावर मिरच्या भाजाव्यात, तिथंच मीठ-लसूण टाकून तांब्याच्या बुडानं रगडाव्यात. त्याला ठेचा म्हणतात. मिक्सरमधून निघतो तो लगदा.

आता लग्नाचं. मला बाईची ओढ कधी लागली नाही. एका माणसाची लागली होती. उमरग्यात मी विहिरीच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं काम करतो. आमच्या दुकानासमोर तो ट्रकचे पंक्चर काढायचा. चार वर्षं आम्ही दुपारी एकाच डब्यात जेवलो. भाकरी माझी, ठेचा माझा. मग त्याचं लग्न झालं आणि तो हैदराबादकडं गेला. मला लई लागलं. आठवडाभर घास उतरला नाही. आई रोज म्हणायची, एक भाकरी कमीच थाप; का जेवत नाहीस ते विचारायची नाही.

हे मी फक्त दादाच्या पोरीला सांगितलं. ती पुण्याला शिकते. फोनवर म्हणाली, "काका, याला शब्द आहे. तुम्ही गे आहात." आणि पुढं आणखी दोन-तीन इंग्रजी शब्द. चपलेच्या दुकानात माप बघतात तसं, कुठला बसतो बघा म्हणाली.

मी म्हणालो, "पोरी, तुझ्या हॉस्टेलातल्या एखाद्या लेकराला त्या शब्दानं आधार मिळत असंल तर त्याला दे, तुझं भलं होवो. मला गावानं एक चिकटवलाय, तू मायेनं दुसरा चिकटवू नको. माझा त्या माणसावर जीव होता. त्यापुढं काय लिहायचं ते लिहिणाऱ्यानं लिहावं."

"काका, तुम्ही लई आडमुठे आहात," ती म्हणाली. हा शब्द मात्र बरोबर मापाचा होता.

तर, ओसरीवर सगळे हसत होते आणि दादानं तवा पोत्यात घालायला घेतला. माझ्या डोक्यात सणक गेली.

"दादा," मी म्हणालो, "आठ वर्षं तुमी जी भाकर खाताय, ती आईच्या हातची न्हाय. ती मी थापतो."

हसणं थांबलं. दादा आईकडं वळला. "आई, ह्यो काय बोलतोय?"

आई खांबाला टेकून बसली होती, मनगट पदराखाली. तिला आता स्वतःच्या सख्ख्या भावासमोर, थोरल्या लेकासमोर आठ वर्षांची लबाडी कबूल करायची, तीही माझ्यापायी. ती नाही म्हणाली असती तर तवा गेल्याचं मला काही वाटलं नसतं. मग माझ्यासाठी आईच गेली असती.

तिनं पदराखालून हात काढला आणि सगळ्यांसमोर धरला. मनगट वळतच नव्हतं.

"व्हय," आई म्हणाली. "ह्या हातानं थापून दाव म्हनलं तर यील का मला? त्योच थापतो. अन् धडधाकट व्हते तेव्हाबी माझी भाकर आशी कदी फुगली न्हाय. तवा ठिव खाली."

दादानं तवा ठेवला. मामा तंबाखू थुंकायला म्हणून उठून गेले.

"जेवायची येळ झाली," आई मला म्हणाली. "थाप."

मी चूल पेटवली. आईच्या सवयीप्रमाणं दार लावायला वहिनी उठली, तिला म्हणालो, राहू द्या. ओसरीवरून सगळं दिसत होतं: काठवट, माझे हात, तवा. दादानं दोन भाकरी ताटाकडं बघून खाल्ल्या. तिसरी मागितली ती माझ्याकडं बघून.