लेम्पीच्या गिरक्या

आमच्या गावात हिवाळ्यात कुणी कुठे उशिरा पोहोचलं, तर "पुढे लेम्पी होती" एवढंच सांगायचं. पाद्रीबाबासुद्धा माफ करायचे.

लेम्पी पुर्सिआइनेन ही माझी शेजारीण, शाळेची स्वयंपाकीण. नवरा गेल्यावर त्याची पिवळी गाडी तिच्याकडे आली. उन्हाळ्यात ती बरी चालवायची, पण पहिला बर्फ पडला की ताशी वीस! नाक काचेला टेकलेलं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलेलं, आणि मागे दुधाचा टँकर, शाळेची बस अन् आम्ही सगळे लग्नाच्या वरातीसारखे.

तिची नणंद आउने हिने तीस वर्षं लाकडाचा ट्रक चालवला होता. तिला हे बघवेना. एका मार्चमधल्या रविवारी तिने लेम्पीला उचललंच आणि गाडीसकट गोठलेल्या तळ्यावर नेलं. मजा बघायला मीही मागे बसले. तळ्यावर हातभर जाडीचा बर्फ होता आणि वरचा भुसभुशीत थर आउनेने आधीच झाडून घेतला होता. खाली नुसती काच.

"वहिनी, आता वेग घे आणि हँडब्रेक ओढ."

"वन्सं, वेड लागलंय का तुम्हाला? गाडी फिरेल ना!"

"त्यासाठीच आणलंय तुला. इथे आपटायला आहे काय? मासे?"

लेम्पीने डोळे मिटून हँडब्रेक ओढला. गाडीचं मागचं टोक निसटलं आणि आम्ही भोवऱ्यासारख्या फिरलो. काठावरची बर्चची झाडं, वाफेच्या अंघोळीचं सौनाघर, बर्च, सौनाघर! थांबलो तेव्हा लेम्पी स्टिअरिंगवर डोकं ठेवून थरथरत होती. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती, लहान मुलीसारखी, श्वास पुरत नव्हता तिला.

"परत!" ती म्हणाली.

"परत, पण डोळे उघडे ठेवून," आउने म्हणाली. "घसरलीस की ब्रेकवर नाचायचं नाही. ॲक्सिलरेटर सोड, क्लच दाब. जिथे जायचंय तिकडे बघ, आणि तिकडेच चाकं वळव. गाडी सरळ होऊ लागली की लगेच चाकंही सरळ कर, नाहीतर ती उलट्या बाजूला उडी मारते. ज्याला घाबरतेस त्याच्याकडे बघितलंस, तर त्याच्यावरच जाऊन आदळशील."

त्या दिवशी आम्ही तीस-चाळीस गिरक्या घेतल्या. दुपारपर्यंत लेम्पी निम्म्याहून जास्त वेळा गाडी सरळ करू लागली होती. मला मात्र उतरल्यावर सरळ चालता येईना.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या गायकवृंदाला शेजारच्या गावात पाद्रीबाबांच्या साठीला गायचं होतं. लेम्पी गाडी चालवत होती, शेजारी आउने, मागे मी आणि आमचा जाड आवाजाचा हान्नेस. त्याच्या मांडीवर क्रीमचा मोठा केक. रात्री पाऊस पडून गोठला होता, रस्ता ओला वाटावा असा चमकत होता. लेम्पी बेताने चाळीसने निघाली, पुढच्या गाडीपासून लांब राहिली. आम्ही गाण्याचा सराव करत होतो.

वळण संपलं आणि रस्त्याच्या मधोमध रेनडिअर! हलेना, नुसता आमच्याकडे बघत उभा.

गाडीचं मागचं टोक सुटलं. तीस वर्षं ट्रक चालवलेली आउने किंचाळली, "ब्रेक! ब्रेक दाब!" आणि स्वतःच पायाने खालची चटई तुडवू लागली.

"गप्प बसा हो वन्सं, मला बघू द्या!" लेम्पी ओरडली.

तिने पाय वर घेतला, क्लच दाबला आणि मान वळवली. रेनडिअरकडे नव्हे, त्याच्या शेपटीमागे उरलेल्या फटीकडे. गाडी डावीकडे झुलली, उजवीकडे झुलली, मग मुकाट्याने त्या फटीतून निघून गेली. खिडकीतून मला त्याच्या ओठांवरचे केस दिसले. चावत होता काहीतरी.

बसथांब्यावर लेम्पीने हळूच गाडी उभी केली. मग हान्नेसच्या दाढीतून क्रीमचा एक गोळा टपकन खाली पडला.

"गोड आहे," तो म्हणाला.

आणि आम्ही हसत सुटलो. आउने हसता हसता दारातून बर्फात घरंगळली आणि तिथेच पडून राहिली. लेम्पी गाडीभोवती नाचत होती, "बघितलंत? मी फटीकडे बघितलं!"

"आणि मी ब्रेक म्हणाले," आउने डोळे पुसत म्हणाली. "कुणाला सांगशील तर बघ, वहिनी."

समारंभात पहिलं कडवं आम्ही जेमतेम काढलं. दुसऱ्या कडव्याला हान्नेसच्या कानात मला क्रीम दिसलं, मी लेम्पीला कोपरानं ढोसलं, आणि पाद्रीबाबांची साठी आमच्या खिदळण्यात पार पडली. केकऐवजी लेम्पीने त्यांना रेनडिअरची गोष्ट दिली, एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वेळा आउनेचा ब्रेक वगळून.

आता मार्चमधल्या रविवारी तळ्यावर गावातल्या बायकांची रांग लागते. लेम्पी शेजारी बसून शिकवते, कुणी किंचाळलं की कॉफी पाजते. गेल्या वर्षी पाद्रीबाबांची बायको सात गिरक्या घेऊन उतरली, बर्फात फतकल मारून बसली आणि टोपी सावरत म्हणाली, "लेम्पी, यांना नको सांगूस. अजून एक."