वहिनींचा अमेरिकेचा तास

अमेरिकेत एकदाही पाऊल न ठेवता त्या देशाला आपलं सासर मानणारी बाई अख्ख्या आशिया खंडात एकच असेल, आणि ती माझ्या चुलत भावाची बायको आहे. खऱ्या सासरच्या, म्हणजे आमच्या सासवडच्या गोतावळ्यात वहिनींची अजून गल्लत होते. एका लग्नात त्यांनी एकाच मामेसासऱ्यांना दोनदा वाकून नमस्कार केला आणि दुसरे मामा तेवढ्यावरून न जेवता गेले. पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष त्यांना ओळीने, स्वभावासकट आणि दुखण्याखुपण्यांसकट पाठ. नावं मात्र त्या घेत नाहीत. वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत हे लहानपणापासूनचं वळण, त्यामुळे त्या नुसता क्रमांक सांगतात. "पहिल्यांना दातांचा फार त्रास हो. चित्रात बघा ना, ओठ कसे गच्च मिटलेत."

मी पुण्याहून नोकरीसाठी सिंगापूरला आलो तो दोन हजार बारा-तेराच्या सुमाराला. सेंगकांगमध्ये एका फ्लॅटमधली खोली घेतली होती आणि रविवारी जेवायला सेम्बावांगला दादा-वहिनींकडे जायचो. पहिल्याच रविवारी आमटी वाढता वाढता वहिनी हळहळल्या, "दुसऱ्यांनी आणि तिसऱ्यांनी काय तो अबोला धरला! इतके जिवाभावाचे मित्र आणि वर्षानुवर्षं एकमेकांना साधी चिठ्ठी नाही." मला वाटलं त्यांच्या इमारतीतले दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी असावेत. मी सहानुभूतीने विचारलं, "पार्किंगवरून का?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, पण पाहुणा म्हणून सोडून दिलं. शेवटी एका समजूतदार मित्राने मध्ये पडून त्या दोघांचा समेट घडवला, हे मला ताक येईपर्यंत कळलं. तो समेट दोनशे वर्षांपूर्वीचा होता हे कळायला आणखी एक रविवार जावा लागला.

गंमत अशी, की आमचा दादा जहाजावर मरीन इंजिनिअर. तो अमेरिकेला असंख्य वेळा गेलेला. पण त्याची अमेरिका बंदराच्या फाटकापाशी सुरू होऊन फाटकापाशीच संपते. "ह्यूस्टन ना? तिथे फाटकाबाहेर बर्गर बरा मिळतो," हे त्याचं त्या देशाविषयीचं सगळ्यात सविस्तर मत. वहिनी त्याला निघताना प्रश्न लिहून द्यायच्या आणि तो परत येताना शाम्पू घेऊन यायचा. स्वतः वहिनी व्हिसासाठी एकदा गेल्या होत्या. खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं, कशासाठी जायचंय? वहिनींनी सोळाशे सालापासून सुरुवात केली. मागे रांग होती. व्हिसा मिळाला नाही. त्यात त्या माणसाला त्या मुळीच दोष देत नाहीत. "माझं प्रास्ताविकच लांबलं," म्हणतात.

लग्नाआधी आणि नंतरही त्या सासवडच्या मराठी शाळेत इतिहास शिकवत होत्या. दादाच्या मागे इथे आल्या आणि दोन वर्षं घरात बसल्या. दादा सहा-सहा महिने समुद्रावर, शेजारी सगळे कामावर, आणि बोलायची सवय असलेल्या बाईसमोर कुणीच नाही. शेवटी त्यांना एका छोट्या आंतरराष्ट्रीय शाळेच्या ग्रंथालयात मदतनिसाचं काम मिळालं. शाळेचा अभ्यासक्रम अमेरिकेतला, मुलं मात्र जगभरची. तिथे पुस्तकं लावता लावता त्यांनी अमेरिकेच्या इतिहासाचं कपाट वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. मग एक दिवस आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवणाऱ्या बाईंना बाळंतपणासाठी अचानक, ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी, रजेवर जावं लागलं. प्रिन्सिपलबाई ग्रंथालयात येऊन म्हणाल्या, दुसरं कुणी मिळेपर्यंत आठवडाभर वर्ग सांभाळाल का? वहिनींनी सांभाळला. आठवड्याचा महिना झाला, आणि दुसरं कुणी शोधायचं असतं हे शाळा विसरून गेली.

त्या दिवसांत वहिनींबरोबर फिरायला जाणं म्हणजे वर्गात बसणं होतं. न पाहिलेला देश डोक्यात बसावा म्हणून त्यांनी तो सेम्बावांगमध्ये वसवला होता. इमारतीखालचं कॉफी शॉप म्हणजे फिलाडेल्फिया, आणि समुद्रकाठची जेट्टी म्हणजे बोस्टनचा धक्का. एकदा जेट्टीवर उभं राहून, वसाहतीतल्या लोकांनी राजाच्या करावर चिडून जहाजावरचा चहा पाण्यात कसा फेकला, ते त्या मला हातवारे करून इंग्रजीत दाखवत होत्या. वर्गाची तालीमच चालली होती. शेजारी गळ टाकून बसलेले एक चिनी आजोबा वळून म्हणाले, "ऑंटी, दे थ्रो व्हॉट?"

"टी, अंकल. फुल शिप."

आजोबांनी पाण्याकडे पाहिलं, मान हलवली आणि सिंगापूरच्या इंग्रजीचं नेहमीचं शेपूट लावून म्हणाले, "वा, सो वेस्टेड, लाह."

वहिनी तेवढ्यावर दिवसभर खूश होत्या. इतक्या वर्षांनंतरही एका माणसाला त्या चहाचं वाईट वाटलं, हे त्यांना फार मोठं वाटलं.

त्यांची शिकवायची पद्धत अशीच, अंगावर घेऊन शिकवायची. अमेरिकेची घटना ज्यांनी लिहिली ते लोक ऐन उन्हाळ्यात, लोकरीचे कोट घालून, गुप्तता राहावी म्हणून खिडक्या बंद करून बसले होते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. मग काय! आठवीच्या वर्गाचा एसी बंद झाला, खिडक्या लागल्या, आणि एसीत थंडी वाजते म्हणून मुलांनी आणलेली जाडजूड जॅकेटं त्यांच्या अंगावर चढवण्यात आली. प्रत्येकाला एकेक राज्य देऊन सांगितलं, मोठ्या राज्यांना जास्त मतं हवीत, छोट्यांना सारखी हवीत. तोड निघेपर्यंत कुणी उठायचं नाही. सिंगापूरच्या दुपारी! वहिनींच्या मते मुलांनी तोड फार लवकर आणि फार सुंदर काढली. मुलं मात्र भिजलेल्या बोळ्यांसारखी घरी पोचली.

एका मुलीच्या वडिलांनी तक्रार केली. उंच, गंभीर, खरेखुरे अमेरिकन गृहस्थ. तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तक्रार उकाड्यापासून सुरू झाली आणि शेवटी खऱ्या मुद्द्यावर आली : आमच्या देशाचा इतिहास आमच्या मुलांना शिकवणाऱ्या या बाईंनी आमचा देश पाहिला तरी आहे का? प्रिन्सिपलबाईंनी वहिनींना बोलावून घेतलं. गुरुवारी पालकांची सभा आहे, तिथे तुम्ही तुमचा वर्ग आणि तुमची स्वतःची ओळख करून द्या. त्यानंतर काय ते ठरवू, असं त्या म्हणाल्या. काय ठरवायचं ते दोघींनाही माहीत होतं.

वहिनींनी मला फोन केला. आवाज नेहमीचा नव्हता. "भाऊजी, तुमचे दादा सुएझमध्ये आहेत. गुरुवारी तुम्ही माझ्याबरोबर चला. काही बोलू नका, नुसते मागे बसा." मग म्हणाल्या, "ते म्हणतात ते खोटं नाही हो. मी नाहीच पाहिलेला."

गुरुवारी त्या सासवडच्या शाळेतली सुती साडी नेसून आल्या. वर्गात पालक मुलांच्या छोट्या बाकांवर गुडघे कुठे ठेवायचे या विवंचनेत बसले होते. वहिनींनी आपल्या सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवणाऱ्या इंग्रजीत ओळख सुरू केली. दोन वाक्यं होतात न होतात तोच त्या गृहस्थांनी हात वर केला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "आपण अमेरिकेच्या कोणत्या भागातल्या?"

"पुणे जिल्ह्यातल्या," वहिनी म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. ते हसले नाहीत. "तुम्ही तिथे कधी गेला आहात का?"

"नाही. एकदा जायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही." वहिनींचे हात पदराशी चाळा करत होते, ते मला मागून दिसत होतं. "पण मी ज्या काळाबद्दल शिकवते, तिथे या खोलीतलं कुणीच गेलेलं नाही. तुम्हीही नाही. आपण सगळे वाचूनच जाणार."

वहिनी पुढे काय बोलणार होत्या ते त्यांनाही माहीत नसावं, कारण त्या एकदम वळल्या आणि एसी बंद केला. खिडक्या लावल्या. मग बाकांमधून फिरत त्यांनी पालकांना राज्यं वाटायला सुरुवात केली. एका नाजूक जपानी आईला व्हर्जिनिया मिळालं. तक्रारवाल्यांना डेलावेअर, सगळ्यात छोट्यांपैकी एक. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही ऱ्होड आयलंड. ते त्या सभेला आलेच नव्हते. तुम्ही बाहेर जा."

मी बाहेर गेलो. त्यामुळे पुढचं सगळं मी थंडगार कॉरिडॉरमध्ये उभा राहून, दाराच्या काचेतून, आवाजाशिवाय पाहिलं. आधी सगळे संकोचून एकमेकांकडे बघत होते. मग व्हर्जिनियाने काहीतरी हळूच सांगितलं आणि डेलावेअरने मान हलवून नाही म्हटलं. व्हर्जिनियाने पुन्हा तेच, तितक्याच हळू सांगितलं. डेलावेअर उभे राहिले. एका कोरियन वडिलांनी रुमाल डोक्यावर घेतला. काच हळूहळू धुरकट व्हायला लागली. मी कडेला उरलेल्या स्वच्छ पट्टीतून पाहिलं तेव्हा डेलावेअर बाकावर मूठ आपटत होते, त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि व्हर्जिनिया पर्समधल्या वहीने वारा घेत ढिम्म बसल्या होत्या. वहिनी कोपऱ्यात उभ्या होत्या. काहीच करत नव्हत्या. पदराचा चाळा थांबला होता.

दार उघडलं तेव्हा कुकरचं झाकण काढावं तशी वाफ बाहेर आली. डेलावेअर घाम पुसत माझ्यासमोर थांबले. "तुम्ही कोण?"

"ऱ्होड आयलंड," मी म्हणालो.

"तुम्ही यायला हवं होतंत," ते फार मनापासून म्हणाले. "एक मत कमी पडलं."

त्यांनी माफीबिफी मागितली नाही. जाताना प्रिन्सिपलबाईंना एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी मुलांना पाणी द्या. पुढची वेळ येणार, हे त्यात आलंच होतं. वहिनींनी टॅक्सीत बसल्यावर चप्पल काढली, पाय वर घेतले आणि सेम्बावांगपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. असं मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

बाळंतपणाच्या रजेला मात्र शेवट असतो. मूळच्या बाई परत यायची तारीख जवळ येऊ लागली आणि मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. राज्याराज्यांतल्या यादवी युद्धापर्यंत घोड्यावर बसून आलेल्या वहिनी तिथून पुढे रांगायला लागल्या. एकेका लढाईला आठवडा. एकेका भाषणाला दोन तास. प्रिन्सिपलबाईंनी दोनदा आठवण केली, वहिनींनी दोनदा मान डोलावली, आणि युद्ध काही संपेना. मी विचारलं तेव्हा कोथिंबीर निवडताना खाली मान घालून म्हणाल्या, "युद्ध संपलं की लगेच सोळावे जातात ना. नाटक बघायला जातात आणि तिथेच... माझ्याच्याने ते सांगवणार नाही, भाऊजी. सासवडला महाराजांच्या शेवटच्या धड्याला मी दरवर्षी शेजारच्या बाईंना वर्गावर पाठवायची." आणि मग, हिशेब जमल्यासारखं, "बाई येतायत आता. त्या बघतील."

तसंच झालं. वहिनींचा शेवटचा तास झाला तेव्हा सोळावे आपल्या खुर्चीत होते. खंगलेले, जाग्रणाने डोळे ओढलेले, पण जिवंत. मुलांनी निरोप दिला. ग्रंथालयातल्या जागेवर एव्हाना दुसरं कुणी आलं होतं. वहिनी घरी आल्या आणि पुन्हा घरातच राहिल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा जहाजावरून उतरला. त्या शुक्रवारी संध्याकाळी मलाही जेवायला बोलावलं होतं. सहा महिन्यांनी नवरा घरी आलेला, म्हणून श्रीखंड-पुरीचा बेत होता. पुऱ्या लाटून झाल्या होत्या, कढईत तेल तापत होतं, आणि ओट्यावरचा फोन वाजला. त्या डेलावेअरवाल्यांच्या मुलीचा निरोप होता. वहिनींनी वाचला, आणि मग फोन माझ्या हातात दिला. तिने लिहिलं होतं, की आज बाईंनी सोळाव्यांचा धडा घेतला. धडा संपल्यावर कुणी उठलं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "समबडी मस्ट टेल मॅम, लाह." म्हणून कळवते आहे.

मी फोन परत दिला. वहिनींनी गॅस बंद केला. लाटलेल्या पुऱ्यांवर ओला पंचा टाकला, श्रीखंडाचं भांडं फ्रीजमध्ये परत ठेवलं आणि कुकरला वरणभात लावला. कुणी गेल्याचं कळलं, की आमच्या घरी तळण करत नाहीत आणि गोड वाढत नाहीत.

दादा अंघोळ करून पानावर येऊन बसला. समोर वरणभात, लिंबाची फोड आणि मीठ. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"कोण गेलं?"

"सोळावे," वहिनी म्हणाल्या.

दादाने उचललेली लिंबाची फोड खाली ठेवली. आपल्या माणसांत इतकी वर्षं नसल्यामुळे कुणाकुणाला आपण ओळखत नाही, याची त्याला सवय होती.

"वय काय होतं?"

"छप्पन्न."

"अरेरे," दादा म्हणाला. "हे काय जायचं वय आहे?" आणि वहिनींचं पान मांडलेलं नव्हतं, ते त्याने उठून मांडलं.